घाटातली खडखड: इंजिनाच्या एका आवाजाची गोष्ट

घाट सुरू झालाय, पुढे एक भरलेला ट्रक रांगतोय, तुम्ही गिअर न बदलताच अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि बॉनेटखालून आवाज यायला लागतो. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकून कुणी हलवतंय असा. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेता, तर तिथे ती शहाण्या मुलासारखी गप्प. मेकॅनिक तुमच्याकडे बघतो, तुम्ही मेकॅनिककडे बघता.

चांगला मेकॅनिक अशा वेळी पान्याला हात लावत नाही, आधी प्रश्न विचारतो. उभ्या गाडीत रेस केल्यावर येतो का आवाज? येत असेल, आणि ठरावीक रेसलाच येत असेल, तर बहुधा सायलेन्सरच्या पाइपवरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच सैल झालंय. एक क्लॅम्प लावला की काम झालं. इंजिनाच्या वेगाबरोबर एकसारखी टकटक वाढत जाते का? मग टॅपेट बघायला हवेत. थंड इंजिन सुरू करताना दोन-चार सेकंद खळखळून थांबतं? मग टायमिंग चेनकडे लक्ष द्या. पण आवाज फक्त भार पडल्यावर येत असेल, म्हणजे चढाला, भरल्या गाडीत, इंजिन चांगलं तापल्यावर, मोठ्या गिअरमध्ये कमी वेग असताना, तर आपले मेकॅनिक एका शब्दात निकाल देतात: नॉकिंग.

आजचा भाग या नॉकिंगवर. या एका खडखडीवर उपाय शोधताना विसाव्या शतकात जे घडलं, त्याची किंमत जगातल्या जवळजवळ प्रत्येक शहरातल्या मुलांच्या रक्ताने मोजली. हे वाक्य अतिशयोक्तीचं वाटेल. पुढे आकडे सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आधी आवाज कसला ते समजून घेऊ, कारण तो ऐकून सगळ्यांचीच फसगत होते. काहीतरी सैल झालंय, लोखंडावर लोखंड आपटतंय असं वाटतं. प्रत्यक्षात काहीही सैल नसतं. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. हे जळणं फार झपाट्याने होत असलं तरी तो स्फोट नसतो. ज्योत पुढे सरकते तसं कोपऱ्यात उरलेलं, अजून न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. इंधन हलकं असेल तर ज्योत पोचण्याआधीच ते उरलेलं मिश्रण आपोआप, सगळं एकदम पेटतं. दाबाची लाट भिंतीवर आपटते, परत येते, पुन्हा आपटते. सिलिंडर घंटेसारखा वाजायला लागतो. 8 सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ही घंटा सेकंदाला साधारण 7 हजार कंपनांच्या सुरात वाजते. आपल्याला ऐकू येते ती खिळ्यांची खडखड म्हणजे वायूचा आवाज.

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच ती का येते, हेही यातच आलं. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येतं, दाब वाढतो. त्यात इंजिन हळू फिरत असेल तर कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापून पेटायला वेळही मिळतो. म्हणून खालचा गिअर टाकला की निम्मा आजार तिथेच बरा होतो. पण पूर्वीच्या गाड्यांमध्ये तेवढ्याने भागत नसे, आणि आवाज चालू राहिला तर पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नसे.

आता अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावी जाऊ. साल 1916. चार्ल्स केटरिंग हे नाव गाड्यांच्या इतिहासात ठळक आहे. हँडल मारून गाडी सुरू करायची कटकट संपवणारा सेल्फ स्टार्टर त्याचा. 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसला, आणि त्याच्याबरोबर बॅटरीवर चालणारं इग्निशनही. गंमत अशी की याच गाड्या चढाला खडखडायला लागल्या आणि मॅग्नेटो विकणाऱ्या मंडळींनी बोट दाखवलं ते केटरिंगच्या इग्निशनकडे. शिवाय शेतावरच्या घरांना वीज देणारे छोटे जनरेटर त्याची कंपनी विकत होती. ते रॉकेलवर चालत, आणि रॉकेलवर इंजिन पेट्रोलपेक्षाही जास्त खडखडतं. केटरिंगला दोन्हीकडून बोलणी बसत होती. त्याने हे काम थॉमस मिजली नावाच्या सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअरकडे दिलं. मिजली मेकॅनिकल इंजिनिअर होता, रसायनशास्त्रज्ञ नव्हता. हे लक्षात ठेवा.

मिजलीने पहिलं काम शंभर टक्के बरोबर केलं. त्या काळी सगळे म्हणत की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं म्हणून आवाज येतो. त्याने चालू इंजिनातल्या दाबाच्या बदलांची नोंद घेतली आणि दाखवलं की दाबाचा तो उंच सुळका ठिणगी पडल्यानंतर येतो. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हे, इंधनाचा. साधारण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांना इंजिन करून देणारा हा माणूस. त्याने पुढे चालू इंजिनातही दाब कमी-जास्त करता येईल असं प्रयोगाचं इंजिन बांधलं आणि एकेक इंधन त्यात तपासून पाहिलं. टोल्युइन आणि अल्कोहोल खडखडीला चांगला अटकाव करतात, हे त्याच्या नोंदींत स्पष्ट होतं.

डेटनमध्ये मात्र पुढचा शोध एका चुकीच्या कल्पनेतून लागला. बर्फातही फुलणारं एक रानफूल असतं, त्याच्या झाडाची पानं मागून लालसर असतात. केटरिंगला वाटलं, लाल रंग उष्णता शोषून घेत असेल; मग रॉकेल लाल केलं तर तेही लवकर वाफ होईल आणि खडखड थांबेल. मिजली रंग शोधायला गेला. तेलात विरघळणारा लाल रंग काही हाताशी नव्हता, मिळालं आयोडीन. टाकलं, आणि खडखड खरंच कमी झाली. मग त्याने बाजारातून खरे लाल रंग आणून टाकून पाहिले. काही फरक नाही. म्हणजे करामत रंगाची नव्हती, आयोडीनची होती. सिद्धांत चुकला, प्रयोग लागला. विज्ञानात असं होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. शोध पुढे पाच वर्षं चालला. अ‍ॅनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा वास लसणीसारखा, कपड्यांतून आणि अंगातून जाता जाईना. शेवटी आवर्तसारणीत अंदाज बांधत बांधत ते शिशापर्यंत पोचले. 9 डिसेंबर 1921 ला टेट्राइथाइल लेड इंजिनात घातलं आणि खडखड थांबली. एका गॅलनला जेमतेम 3 घनसेंटिमीटर पुरे होत होतं. 2 फेब्रुवारी 1923 ला डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं ‘इथाइल’. शिसं हा शब्द नावात कुठेच नव्हता. आणि पेट्रोलला रंग दिला होता लाल!

इथे थोडं थांबतो, कारण या गोष्टीचा खरा पेच इथे आहे. हे लोक अडाणी नव्हते. अल्कोहोल घातलं की खडखड थांबते हे मिजलीला पूर्ण ठाऊक होतं. 1920 मध्ये त्याने अल्कोहोलमिश्रित इंधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. शिशाचा शोध लागण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ऑक्टोबर 1921 मध्ये, डेटनहून इंडियानापोलिसला इंजिनिअरांच्या सभेला तो गेला तो 30 टक्के अल्कोहोल घातलेल्या पेट्रोलवर गाडी चालवत. मग अल्कोहोल का नाही? पुरेसं धान्य कुठून आणायचं हा प्रश्न खरा होता, तो खोटा म्हणता येणार नाही. पण अल्कोहोल कुणीही शेतकरी गाळू शकतो, आणि त्याला 20 टक्के, 30 टक्के जागा द्यावी लागते. तेवढं पेट्रोल कमी विकलं जातं. शिशाचा थेंबभर पुरतो, आणि त्याचं पेटंट हातात असतं. ऑगस्ट 1924 मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून इथाइल गॅसोलीन कॉर्पोरेशन काढली. माझ्या मते निर्णय तिथे झाला, प्रयोगशाळेत नाही.

आणि शिसं विष आहे हे तर रोमन काळापासून माहीत होतं. मिजली स्वतः 1923 च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेने आजारी पडून हवापालटाला मायामीला गेला होता. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत, जिथे हे रसायन बनत होतं, पाच कामगार मेले. त्यांना भास होत होते, ते हवेत हात मारत होते, काहींना बांधून ठेवावं लागलं. तीसहून जास्त जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात नसलेले किडे उडताना दिसत म्हणून कामगार त्या इमारतीला ‘फुलपाखरांचं घर’ म्हणत. वर्तमानपत्रांनी या पेट्रोलला ‘वेडाचं पेट्रोल’ असं नाव पाडलं. महिन्याच्या अखेरीला मिजलीने न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर ओतून घेतलं, मिनिटभर त्याचा वास घेतला आणि सांगितलं की हे मी रोज केलं तरी मला काही होणार नाही. ज्याला ते आधीच बाधलं होतं तो माणूस हे बोलत होता.

मे 1925 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनला परिषद बोलावली. विक्री तात्पुरती थांबली. हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडेल हेंडरसन यांनी तिथे जे मांडलं ते आज वाचलं तर अंगावर काटा येतो. प्रश्न कारखान्यातल्या पाच मृत्यूंचा नाही, ते म्हणाले. प्रश्न रस्त्यावरच्या धुळीचा आहे. हे विष इतकं हळू साचेल की कुणाच्या लक्षात येईपर्यंत सगळीकडे पसरलेलं असेल. कंपनीच्या बाजूने सांगण्यात आलं की ही तर देवाची देणगी आहे. समितीने पंप आणि गॅरेजमधल्या अडीचशे जणांची थोडक्या महिन्यांत तपासणी केली. बंदी घालण्याएवढा पुरावा नाही, पण अभ्यास पुढे चालू ठेवावा, असा निष्कर्ष जानेवारी 1926 मध्ये आला. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढचा अभ्यास दशकानुदशकं मुख्यतः कंपनीच्याच पैशावर झाला. त्यातून काय निघणार होतं?

त्याच 1926 साली खडखड मोजायचं मापही आलं. ग्रॅहम एडगरने आयसो-ऑक्टेन हे अतिशय समजूतदार इंधन 100 मानलं आणि सतत खडखडणारं हेप्टेन शून्य. तुमचं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं, तो त्याचा ऑक्टेन नंबर. सुरुवातीचं शुद्ध हेप्टेन कॅलिफोर्नियाकडच्या एका पाइन झाडाच्या राळेतून काढत. पंपावर 91, 95, 97 असे आकडे दिसतात ते या मापाचे.

शिशामुळे इंजिनं जोरदार झाली, हे कबूल करायला हवं. विसाच्या दशकात इंजिन मिश्रणाला चारपट दाबत असेल तर पुढच्या चाळीस वर्षांत हा आकडा नऊ-दहावर गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानं 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर उडाली, त्यातही हेच शिसं होतं. वेग मिळाला, ताकद मिळाली. मिजलीने नंतर फ्रिजसाठी सीएफसी वायू दिला, त्याने ओझोनच्या थराची काय दशा केली ते तुम्हाला माहीत आहे. पोलिओ झाल्यावर अंथरुणातून उठायला त्याने स्वतःसाठी दोऱ्या-कप्प्यांची एक योजना केली होती. 1944 मध्ये तिच्यातच अडकून तो गेला.

शिशाचा हिशेब मांडला एका भूरसायनशास्त्रज्ञाने, आणि तोही भलत्याच कामाला निघाला असताना. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय मोजत होता. उल्केतल्या शिशावरून त्याने ते 455 कोटी वर्षं ठरवलं, 1956 मध्ये छापलं, आणि तो आकडा आजही टिकून आहे. पण मोजताना त्याच्या प्रयोगशाळेत शिसं कुठून कुठून येत राही. काच घासली, फरशा घासल्या, हवा गाळली, तरी येतच होतं. मग त्याने समुद्राचं पाणी तपासलं, ध्रुवाकडचा बर्फ तपासला. वर शिसं जास्त, खोल कमी. म्हणजे हे सगळं अलीकडचं. 1965 मध्ये त्याने स्पष्ट लिहिलं की ज्याला आपण माणसाच्या शरीरातलं ‘सामान्य’ शिसं म्हणतो ते सामान्य नाहीच. त्याला त्रास झाला, निधी गेला, समित्यांतून वगळलं गेलं. 1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त त्यांची बुद्धी आणि एकाग्रता कमी भरत होती.

तरी शिसं गेलं ते मुलांच्या दातांसाठी नाही. 1975 पासून अमेरिकेत गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. त्यातल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते निकामी होतं. यंत्राला चालत नाही म्हणून शिसं कमी झालं, आणि 1976 ते 1980 या चार वर्षांत अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिसं 37 टक्क्यांनी उतरलं. पेट्रोलमधल्या घटीचा आलेख आणि रक्ताचा आलेख एकमेकांवर ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. 1994 पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं चालत होतं. तेव्हाच्या गॅरेजमधला खडखडीवरचा इलाज आठवा: डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायचा, टायमिंग किंचित मागे घ्यायचं, चढावर एक फेरी मारायची, कान लावायचा, पुन्हा किंचित फिरवायचं. फारच झालं तर हेड उघडून पिस्टनवरचा कार्बन खरवडायचा. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ हा आणखी एक देशी घटक. रेशनचं रॉकेल निळं रंगवलं गेलं ते याचसाठी. म्हणजे केटरिंगचे रॉकेलवर खडखडणारे जनरेटर आपल्याकडे वेगळ्या रूपात धावत होते.

दिल्लीच्या हवेबद्दल एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात भांडत होते. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं. 1996 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ‘स्लो मर्डर’ हा अहवाल काढला, हेंडरसन जे बोलले होते त्याचंच हे भारतीय रूप. सप्टेंबर 1998 मध्ये दिल्लीत आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. मुंबईत 1997 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं होतं, तेव्हा सुमारे 62 टक्के मुलांमध्ये शिसं 100 मिलिलिटरमागे 10 मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं. बंदीनंतर, 2002 च्या सुमारास, हे प्रमाण 33 टक्क्यांवर आलं. 33 म्हणजे थोडं नव्हे. रंग, भांडी, बॅटऱ्या फोडण्याचे धंदे यांतून शिसं अजून येतंच. पण फरक पाहा. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे हे पेट्रोल 2021 च्या जुलैत संपलं.

मग शिसं गेल्यावर खडखड परत का नाही आली? रिफायनऱ्यांनी पेट्रोलच वेगळं बनवायला घेतलं, त्यात बेंझिनसारखी द्रव्यं वाढली आणि त्यांच्यावरही मर्यादा घालाव्या लागल्या. दुसरीकडे गाडीला कान फुटला. इंजिनच्या ब्लॉकवर बोटभर जाडीचा नॉक सेन्सर बसतो. 1978 च्या टर्बो ब्युइकपासून तो गाड्यांत आहे. मघाशी सांगितलेला 7 हजारांचा सूर ऐकू आला की तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि पुढच्याच ठिणगीपासून टायमिंग मागे जातं. डिस्ट्रिब्युटर फिरवणारा मेकॅनिक जे फेरी मारून करत होता, तेच.

म्हणून नवी गाडी आज खडखडत असेल तर ती गोष्ट हलक्यात घेऊ नका. सेन्सरलाही आवरेनासं झालं तरच तो आवाज तुमच्यापर्यंत पोचतो. शेवटचं पेट्रोल कुठे भरलं ते आधी आठवा. टाकी संपत आणून दुसऱ्या पंपावर, एक पायरी वरच्या ऑक्टेनचं भरून पाहा. आवाज गेला तर उत्तर मिळालं. नाही गेला तर कुलंट, चुकीच्या नंबरचे प्लग, पिस्टनवरचा कार्बन आणि सेन्सरची वायर, या क्रमाने बघायला सांगा. हेड उघडायची घाई करू देऊ नका.

आता ते भरलेलं पेट्रोल. त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. त्यामुळे त्याचा ऑक्टेन 95 च्या घरात जातो आणि मायलेज थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांबद्दलची तक्रार खोटी नाही, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. पण हे नवीन आहे असं कुणी सांगितलं तर थांबवा. उसाच्या मळीतून काढलेलं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायचा कायदा, इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट, आपण 1948 मध्येच केला होता. तो रद्द झाला 2000 मध्ये, म्हणजे शिशाचं पेट्रोल बंद झालं त्याच वर्षी. तीन वर्षांत आपण 5 टक्क्यांपासून पुन्हा सुरुवात केली. मिजली 1921 च्या ऑक्टोबरात ज्या पेट्रोलवर इंडियानापोलिसला गेला होता त्यात अल्कोहोल 30 टक्के होतं. आपण 20 वर आहोत.